तार घातल्यापासून नोझलचा पंखा फाटतोय: तोंडाशी नेमकं काय घडतं?

पेंटशॉप_चाकण

नमस्कार मंडळी. पावडर कोटिंगच्या आधीच्या सात टप्प्यांच्या स्प्रे पीटी लाइनबद्दल (प्री-ट्रीटमेंट, म्हणजे कोटिंगआधी फवाऱ्याने धुऊन तयार करण्याची लाइन) विचारायचं आहे. अडचण फॉस्फेटिंगच्या टप्प्यात आहे, म्हणजे जिथे धातूवर फॉस्फेटचा पातळ थर चढतो. तिथे रायझरवर, म्हणजे उभ्या पाइपांवर, एकूण १२० नोझल आहेत. सगळे पॉलिप्रॉपिलीनचे, क्लिपवर बसणारे, चपट्या पंख्याचे. अंगावर ६५३० असा नंबर आहे. दोन नोझलमधलं अंतर २५० मिमी आणि नोझलपासून जॉब (कोट करायचा भाग) साधारण ३०० मिमीवर. लाइन बसवली तेव्हा रायझरवरचा गेज १.५ बार दाखवायचा. आता व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही काटा १.२ च्या वर जात नाही.

पॅनेलवर आडवे पिवळट पट्टे येतात, एकाखाली एक, जवळपास २५० मिमीच्या अंतराने. पंप चालू ठेवून सरळ पाहिलं तर बऱ्याच नोझलचा पंखा अखंड दिसत नाही. मधेच दोन-तीन जाड शेंड्या पडतात आणि कडेला पाणी विरळ. स्लजमुळे (बाथमधल्या गाळामुळे) चोक होतात म्हणून गुरुवारी लाइन बंद असते तेव्हा मुलं स्टीलच्या तारेने तोंड मोकळं करतात.

सप्लायर म्हणतो सगळे नोझल बदला, मेंटेनन्स म्हणतं पंप थकलाय. दोन्हीपैकी कशावरही खर्च करण्याआधी समजून घ्यायचं आहे की त्या एवढ्याशा तोंडात पाण्याचा पंखा होतो कसा, तारेने त्यात काय बिघडतं, आणि दोष नोझलचा की पंपाचा हे मोजून कसं ठरवायचं?

थेंबाचा_हिशेब

एक नोझल काढून उजेडात धरा आणि तोंड नीट बघा. बाहेरून एक आडवी व्ही आकाराची खाच दिसेल आणि खाचेच्या तळाशी मांजराच्या डोळ्यासारखं लांबट भोक. हे भोक ड्रिल मारून केलेलं नसतं. आतून येणारी गोल नळी तोंडापाशी अर्ध्या गोळ्यासारखी, घुमटासारखी बंद होते आणि बाहेरून मारलेली व्ही खाच त्या घुमटाला छेदते. जिथे छेदते तिथे आपोआप तो डोळ्याचा आकार उघडतो. चपट्या पंख्याच्या नोझलचं सगळं काम या दोन पृष्ठभागांच्या छेदाच्या रेषेवर चालतं. बाकीची बॉडी, क्लिप, बॉल (नोझल हवं तसं वळवता येणारा गोळा), गॅस्केट यांचं काम पाणी तिथपर्यंत आणायचं आणि दिशा द्यायची, एवढंच.

आता आत काय होतं ते. नळीतून सरळ आलेलं पाणी घुमटाला लागतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना घुमटाची भिंत शाबूत असते, त्यामुळे तिकडचं पाणी भिंतीला धरून आत वळतं आणि मधोमध समोरासमोर येऊन एकमेकांवर आदळतं. आदळल्यावर त्याला पसरायला जागा हवी. ती फक्त खाचेच्या लांबीच्या दिशेने असते, कारण तिकडची भिंत कापून टाकलेली आहे. म्हणून पाणी खाचेच्या रेषेत दोन्हीकडे पसरतं आणि पातळ पडदा बनून बाहेर येतं. पंखा नेहमी खाचेला समांतर पडतो तो यामुळेच. क्लिप बसवताना खाच कुठे वळली आहे हे बघायचं कारणही हेच.

तुमच्या नोझलचे आकडे मांडून दाखवतो. ६५३० मधले पहिले दोन अंक म्हणजे ६५ अंशांचा कोन. पुढचे ३० म्हणजे ४० पीएसआयला मिनिटाला ३.० अमेरिकन गॅलन, आपल्या भाषेत सुमारे २.८ बारला मिनिटाला ११.४ लिटर. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून १.५ बारला हाच नोझल मिनिटाला ८.४ लिटर द्यायला हवा. त्या दाबाला पाण्याचा बाहेर पडण्याचा वेग सेकंदाला १७ मीटरच्या आसपास येतो.

पडदा जसजसा पुढे जातो तसतसा रुंद होतो, आणि पाणी तेवढंच असल्याने पातळ होत जातो. हिशेब केला तर तोंडापासून ५ सेंमीवर त्याची जाडी साधारण ०.१४ मिमी येते. १० सेंमीपर्यंत तो टिकला तर ०.०७ मिमी, म्हणजे डोक्याच्या केसाएवढी. एवढ्या पातळ पडद्यावर हवेच्या घर्षणाने लाटा उठतात, पडदा आडवा फाटतो, त्याच्या दोऱ्या होतात आणि दोऱ्यांचे थेंब. दोरीच्या जाडीच्या साधारण १.८९ पट व्यासाचा थेंब पडतो, हे पृष्ठताणाच्या गणितातून येतं. मात्र फॉस्फेटिंगसारख्या कमी दाबाच्या कामात आपल्याला बारीक थेंब नकोच असतात. पृष्ठभागावर द्रावण जोरात आणि सगळीकडे सारखं आदळत राहिलं पाहिजे, कारण तिथलं वापरलं गेलेलं द्रावण हटून ताजं यायला हवं. त्यामुळे तुमच्यासाठी थेंबाच्या आकारापेक्षा पंख्यातली वाटणी जास्त महत्त्वाची.

आता तार. पडद्याची जाडी आणि कडांचा सरळपणा तोंडाच्या धारेवर ठरतो. तुमच्या नोझलच्या तोंडाचं एकूण क्षेत्रफळ साडेतीन मिमी व्यासाच्या गोल भोकाएवढं असतं. पण डोळ्याची अरुंद बाजू त्याहून कमी, दोन-अडीच मिमीच्या घरात. पॉलिप्रॉपिलीनवर स्टीलची तार फिरली की दरवेळी धारेवर एक बारीक ओरखडा उमटतो. ओरखडा ०.१ मिमीचा असला तरी पुढे तयार होणारा पडदा तेवढ्याच जाडीचा आहे हे लक्षात घ्या. ओरखड्याच्या जागी पडदा जाड होतो, तिथलं पाणी वेगळी धार बनून निघतं आणि शेजारी तेवढंच कमी पडतं. तुम्हाला दिसणाऱ्या शेंड्या म्हणजे हेच ओरखडे, पाण्यात मोठे होऊन दिसणारे. नोझल पिळून काढा, शेंडी ज्या बाजूला होती त्या बाजूच्या धारेवर नखाने चाचपा, बहुतेक वेळा खाच नखाला लागते.

पंखा मात्र तीन कारणांनी बिघडतो, तेवढं वेगळं करा. तोंडात कचऱ्याचा कण अडकला असेल तर पंख्यात एक स्वच्छ काळी फट दिसते, कण काढला की जाते. धारेला ओरखडा असेल तर शेंडी कायम एकाच जागी राहते. आणि आतल्या नळीत नोझलच्या मागे काही अडकलं असेल, किंवा बॉल तिरका बसून पाणी वाकडं येत असेल, तर अख्खा पंखा एका बाजूला जड होतो. तोंड साफ करून काही उपयोग होत नाही, कारण दोष मागे असतो.

भोसरी_टूलरूम

वरचं उत्तर बरोबर आहे. बनवण्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण तोंड किती नाजूक असतं हे मशीनवर जास्त कळतं.

धातूच्या नोझलमध्ये आधी आतलं बोअर होतं, मग गोल टोकाच्या फॉर्म टूलने घुमट, आणि शेवटी बाहेरून व्ही कटरने खाच. पहिल्या दोन गोष्टींत थोडं इकडेतिकडे चालून जातं. खाचेच्या खोलीत चालत नाही. कटर दहावा भाग मिलिमीटर जास्त खाली गेला तरी डोळा लांबीनेही वाढतो आणि रुंदीनेही, त्यामुळे प्रवाह आणि कोन दोन्ही एकदम हलतात. खाच बोअरच्या मध्यापासून सरकली तर पंखा सरळ न जाता एका बाजूला झुकतो. प्लॅस्टिकच्या नोझलमध्ये हीच अचूकता मोल्डच्या कोअर पिनवर (आतली पोकळी घडवणाऱ्या खिळीवर) येते. पिनचं टोक झिजलं की त्या मोल्डमधला प्रत्येक नोझल त्याच प्रकारे चुकतो. म्हणून नवीन लॉट आला की दहा-बारा नग पाण्यावर लावून बघा.

धारेबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. बर (कडेवर राहिलेला धातूचा कीस) काढायची, पण कड मोडायची नाही. आपल्याकडे कुठलाही भाग हातात आला की कडेवरून फाइल किंवा एमरी फिरवायची सवय असते. इथे ती घातक ठरते. बाहेर पडण्याची धार टोकदार असेल तर पाणी तिथेच भिंत सोडतं. धार गोल झाली की पाणी गोलाईला चिकटून थोडं वळतं, पंख्याच्या कडा थरथरतात, ओठ ओला राहतो आणि बंद केल्यावरही थेंब ओघळत राहतात. तुमच्या नोझलच्या ओठाखाली फॉस्फेटची पांढरट-करडी दाढी जमत असेल तर धार गेली आहे असं समजा. नव्या नोझलचा ओठ जवळपास कोरडा राहतो.

तपासायला मोठं काही लागत नाही. दहा पटीचं घड्याळजीचं भिंग आणि मागून टॉर्च. डोळ्याच्या दोन्ही टोकांचे कोपरे एकसारखे टोकदार दिसले पाहिजेत आणि लांब कडा अखंड. एक नवा नोझल शेजारी धरा, फरक लगेच कळतो. प्रोफाइल प्रोजेक्टर असेल तर २० पटीला सावली टाकून नव्याच्या आराखड्यावर ठेवा. फक्त पिन गेज (ठरावीक व्यासाची सळई) घालून तपासायच्या फंदात पडू नका. डोळ्याच्या आकारात पिन नीट बसत नाही, आणि ती पिनही ओरखडा काढते.

मटेरियलचं सांगायचं तर झिजेच्या बाबतीत पितळ १ धरलं तर पॉलिप्रॉपिलीन १ ते २, स्टेनलेस ४ ते ६, हार्डन केलेलं स्टेनलेस १० ते १५, सिरॅमिक ९० ते २०० आणि टंगस्टन कार्बाइड १८० ते २५० पट टिकतं, असं कॅटलॉगमध्ये साधारण दिलेलं असतं. पण हे आकडे वाचून कार्बाइडकडे धावू नका. ते उच्च दाबाच्या डिस्केलिंगला, स्लरीला, स्प्रे ड्रायरला. १.५ बारच्या लाइनला पॉलिप्रॉपिलीन चांगलं चालतं, अट एकच, तार लागता कामा नये. फॉस्फेटिंगला पितळ मात्र नकोच, आम्लधर्मी द्रावणात तांबं सुटतं आणि बाथ खराब होतो.

पेंटशॉप_चाकण

दोघांचे आभार. भिंगातून पाहिलं, १० पैकी ७ नोझलच्या लांब कडेवर ओरखडे आहेत आणि ओठाखाली दाढीही आहे.

एक माप घेतलं. रिन्सचं साधं पाणी फिरवून, रायझरवर १.२ बार असताना पाच नोझलवर पाइप सरकवून बादलीत ३० सेकंद पाणी घेतलं. सरासरी ४.५ लिटर आलं, म्हणजे मिनिटाला ९.० लिटर. नव्या नोझलचे ८.४ धरले तर वाढ फक्त ७ टक्के. १० टक्क्यांपर्यंत चालतं असं ऐकलंय. मग ओरखडे असले तरी झीज मर्यादेत आहे, आणि दाब पडलाय तो पंपामुळे, असं म्हणायचं का?

पीटी_लॅब

थांबा, इथेच बहुतेकांची गफलत होते. ८.४ लिटर हा आकडा १.५ बारचा आहे. तुम्ही मोजलंत १.२ बारला. त्या दाबाला नवा नोझल ८.४ गुणिले वर्गमूळ ०.८, म्हणजे ७.५ लिटरच देतो. तुमचे ९.० त्या ७.५ शी ताडून बघा. वाढ ७ टक्के नाही, २० टक्के आहे.

झिजलेला नोझल स्वतःला असा दाबाआड लपवतो. तोंड मोठं होतं, पाणी जास्त सुटतं, सेंट्रिफ्यूगल पंप आपल्या दाब-प्रवाहाच्या वक्रावरून खाली सरकतो आणि दाब पडतो. दाब पडला म्हणून प्रत्येक तोंडातून येणारं पाणी पुन्हा थोडं कमी होतं. शेवटी लिटरचा आकडा जवळपास जुनाच दिसतो आणि काटा खाली आलेला असतो. म्हणून दाब आणि प्रवाह एकाच वेळी टिपल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

याच एका मापातून पंपाचाही निवाडा होतो. पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं चाक) झिजला असेल किंवा सक्शनचा स्ट्रेनर (गाळणी) भरला असेल, तर दाब पडतो आणि प्रवाहही त्याच वर्गमुळाच्या हिशेबाने पडतो. तुमच्या बादलीत ३० सेकंदांत ३.७५ लिटरच्या आसपास पाणी आलं असतं, म्हणजे नोझल निर्दोष आणि दोष मागे. आलं ४.५, म्हणजे पंप पाणी देतोय, तोंडं ते जास्त सोडताहेत. तिसरी शक्यता नोझल चोक होण्याची, तेव्हा काटा वर चढतो आणि प्रवाह घटतो. रोजच्या नोंदवहीत काटा वर गेलेला दिसला तर खूश होऊ नका, तो चोकअपचा इशारा असतो.

आता व्हीएफडी (पंपाच्या मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वाढवून दाब पुन्हा १.५ ला नेऊ, असा विचार कोणाच्या तरी मनात येईलच. नेलात तर हेच नोझल मिनिटाला १० लिटर ओततील. १२० नोझलचे सुमारे १२०० लिटर होतात, मूळ आराखडा साधारण १००० लिटरचा. मोटरवर भार वाढेल, फेस वाढेल, शेजारच्या टप्प्यात द्रावण उडून जाईल आणि पट्टे तसेच राहतील, कारण शेंडी दाब वाढवून जात नाही, उलट जोर धरते.

पट्ट्यांचंही गणित जुळतंय. ६५ अंशांचा पंखा ३०० मिमीवर ३८० मिमी रुंद पडतो. २५० मिमीच्या अंतरावर एकमेकांवर सुमारे ३४ टक्के चढतो, हे चांगलं आहे, चपट्या पंख्याला ३० टक्क्यांच्या आसपास चढ हवाच, कारण पंख्याच्या कडा मुळातच विरळ असतात. पण कॅटलॉगमधला कोन २.८ बारचा असतो. दाब कमी झाला की कोन मिटत जातो. समजा तो ५० अंशांवर आला, तर रुंदी २८० मिमी, चढ फक्त ३० मिमी उरतो, आणि तोही दोन विरळ कडांचा. जॉब आडवा सरकतो, म्हणून प्रत्येक जोडीच्या मधे एक आडवा पट्टा उपाशी राहतो आणि त्यांचं अंतर बरोबर नोझलच्या अंतराएवढं, २५० मिमी येतं. नोझल बदलून दाब १.५ ला परत आला की प्रत्यक्ष कोन प्रोट्रॅक्टरने किंवा मागे काळा पत्रा धरून फोटो काढून मोजा. ६५ च्या बराच खाली असेल तर पुढच्या वेळी त्याच क्षमतेचा ८० अंशांचा मागवा. ८० अंशांचा पंखा ३०० मिमीवर पूर्ण उघडला तर ५०० मिमी रुंद होतो, मिटण्याला भरपूर वाव राहतो. मात्र तेच पाणी जास्त रुंदीत वाटलं गेल्याने मारा मऊ होतो, एवढं ध्यानात ठेवा.

वाटणी डोळ्यांनी बघायची असेल तर पन्हळीचा पत्रा हा सर्वात सोपा उपाय. पत्रा थोडा उतरता ठेवा, प्रत्येक पन्हळीच्या तोंडाशी सारख्या आकाराच्या बाटल्या लावा, वर जॉबच्या अंतरावर नोझल धरून मिनिटभर पाणी सोडा. नव्या नोझलच्या बाटल्यांची पातळी मधे उंच आणि दोन्हीकडे सारखी उतरत जाते. ओरखडे पडलेल्याच्या पातळीत दात पडतात. हे पाहिल्यावर हातात तार घेणाऱ्या मुलांनाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पेंटशॉप_चाकण

ताई, दाबाचा धागा सुटला होता, आता लक्षात आलं. नोझल बदलतोय. पण चोकअप तर होतच राहणार, साफसफाई कशी करायची? आणि बसवताना काय पाळायचं?

तळवडे_मेंटेनन्स

साफसफाईपासून सांगतो, कारण नवे नोझलही तारेने महिन्याभरात तसेच होतील.

मोकळ्या नोझलचा एक जास्तीचा संच ठेवा, निदान एका रायझरपुरता. गुरुवारी चोक झालेले काढायचे आणि धुतलेले लावायचे. लाइनवर उभं राहून तोंड उकरायची वेळच येऊ द्यायची नाही. काढलेले आधी साध्या पाण्यात चांगले खळखळून घ्या. ही पायरी टाळू नका, फॉस्फेटिंगच्या टोनरमध्ये (बाथमध्ये घालायच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये) नायट्राइट असतं आणि ते मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) किंवा नायट्रिक आम्लात गेलं की तपकिरी विषारी धूर निघतो. मग ५ ते १० टक्के सल्फॅमिक आम्लाच्या द्रावणात, उघड्या हवेशीर जागी, हातमोजे-चष्मा घालून तास-दोन तास भिजत ठेवा. क्षाराचा थर बुडबुडे येत सुटतो. स्लज हट्टी असेल तर रात्रभर ठेवा. पॉलिप्रॉपिलीनला यात काही होत नाही. नंतर नायलॉनचा मऊ ब्रश, जुना टूथब्रशही चालतो. तोंडात काही अडकलं असेल तर लाकडी टूथपिक, तेही बाहेरून आत ढकलायचं, म्हणजे कण रुंद बाजूला परत जातो. हवा मारायची तर तीही तोंडाकडून आत, कमी दाबाने आणि चष्मा लावून. आतून बाहेर मारली की कण घुमटात आणखी घट्ट रुततो.

पण खरा उपाय नोझलच्या मागे आहे. स्ट्रेनरची जाळी नोझलच्या अरुंद रुंदीच्या निम्म्यापेक्षा बारीक हवी, तिसऱ्या हिश्शाएवढी असेल तर उत्तम. तुमच्या तोंडाला २० मेशची जाळी बरोबर बसते, तिचं छिद्र ०.८४ मिमी असतं. जाळी फाटलेली असणं हे नेहमीचं दुखणं, ती उचलून उजेडात बघा. जाळीच्या कडेचा सील बसत नसेल तर स्लज जाळीला वळसा घालून जातो आणि जाळी मात्र स्वच्छ दिसते. रायझरच्या टोकाला आंधळी टोपी असेल तर ती काढून बॉल व्हॉल्व्ह बसवा. सगळा गाळ रायझरच्या खालच्या टोकाला बसतो आणि खालचे दोन-तीन नोझलच सारखे चोक होतात. आठवड्यातून एकदा पंप चालू ठेवून तो व्हॉल्व्ह अर्धा मिनिट उघडला की बरंचसं निघून जातं. नवीन नोझल लावण्याआधी तर हे करायलाच हवं: सगळे नोझल काढा, पंप सुरू करा, उघड्या रायझरमधून पाणी वाहू द्या. वर्षानुवर्षांची पापुद्री त्या धक्क्याने सुटते. नाहीतर ती नव्या नोझलमध्येच अडकेल आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी पुन्हा तार शोधेल.

बसवताना खाच रायझरच्या रेषेत ठेवून मग प्रत्येक नोझल ५ ते १५ अंश पिळा, सगळे एकाच दिशेने. खाचा अगदी एका रेषेत राहिल्या तर शेजारचे दोन पडदे हवेतच एकमेकांवर आदळतात, पाणी तिथेच गळून पडतं आणि जॉबवर पुन्हा पट्टा. पिळल्यावर ते एकमेकांच्या मागून-पुढून जातात. टप्प्याच्या पहिल्या आणि शेवटच्या रायझरचे नोझल आतल्या बाजूला वळवा, म्हणजे द्रावण शेजारच्या टप्प्यात उडत नाही. बॉलची रिंग हातानेच आवळा. पान्याने आवळली की प्लॅस्टिकचे आटे बिघडतात आणि बॉल तिरका अडकतो.

आणि गेज. पंपाच्या डिलिव्हरीवरचा काटा नोझलला काय मिळतंय हे सांगत नाही, मधे पाइपातला आणि एल्बोमधला तोटा असतो. सर्वात लांबच्या रायझरच्या वरच्या टोकाला एक गेज लावा. द्रावण गेजमध्ये जाऊन बसतं म्हणून डायफ्रॅम सीलचा (मधे पडदा असलेला) घ्या, नाहीतर सहा महिन्यांत काटा एका जागी अडकून खोटं बोलायला लागतो.

भोसरी_टूलरूम

तळवडेकरांच्या सांगण्यात एक जोडतो. रिन्समध्ये कुठे शंकूच्या आकाराचे, भरीव फवाऱ्याचे नोझल असतील तर त्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. त्यांच्यात तोंडामागे पाणी फिरवणारी इंग्रजी एक्स अक्षरासारखी पाती असते. पाण्याला फिरकी तीच देते आणि शंकू त्या फिरकीने उघडतो. तिथे फवारा बिघडला तर तोंडाच्या आधी पाती बघा. झिजून सैल झालेली पाती आत तिरकी बसते किंवा कोणीतरी साफ करताना काढून ठेवते आणि परत बसवायची राहते. पाती नसली की शंकू मिटतो आणि सरळ धार लागते.

पीटी_लॅब

पेंटशॉप_चाकण, नवे नोझल लावल्यावर त्याच दिवशी, स्लज चढण्याआधी, प्रत्येक रायझरवरच्या एका ठरावीक नोझलचं ३० सेकंदांचं पाणी आणि त्या क्षणीचा दाब लिहून ठेवा. लिटरपेक्षा वजन घ्या, बादली काट्यावर ठेवून. १.५ बारला ४.२ किलो यायला हवं. पाइप नोझलवर सैल बसवा, घट्ट बसला तर मागचा दाब येऊन आकडा कमी दिसतो. पुढे दर महिन्याला त्याच नोझलवर तेच माप घ्या आणि दाब वेगळा असेल तर १.५ बारवर आणून नोंदवा: आलेल्या वजनाला १.५ भागिले त्या दिवशीचा दाब याच्या वर्गमुळाने गुणायचं. दुरुस्त केलेला आकडा ४.६ च्या वर गेला की तो रायझर बदलायच्या यादीत घ्या, ४.८ ची वाट बघू नका. तारीख, दाब, वजन, दुरुस्त वजन, एवढे चार रकाने पुरेत. वही रायझरजवळच टांगा, ऑफिसात नको.

पेंटशॉप_चाकण

रायझर फ्लश करून पहिल्या दोन रायझरला नवे नोझल लावले. वरच्या टोकाला १.३५ बार, ३० सेकंदांत ४.०५ किलो. दुरुस्त करून ४.२७ येतंय. उरलेले गुरुवारी.

पीटी_लॅब

बरोबर आहे, नव्याची सहनशीलता धरून ४.२७ चांगला आकडा आहे. बाकीचे रायझर बदलल्यावर दाब अजून वर येईल. तेव्हा हेच दोन नोझल पुन्हा मोजा. दुरुस्त आकडा ४.२७ च्याच आसपास राहिला तर तुमचा गेजही खरा आहे.